निरोगी विष्ठेतून उपचार

प्रतिजैविकांमुळे आतड्यातले उपकारक जिवाणूही मरतात. मग काही रुग्णांत ‘क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल’ हा जिवाणू फोफावतो, तीव्र जुलाब होतात आणि बरा झालेला आजार पुन्हा पुन्हा उलटतो. अशा वेळी निरोगी दात्याच्या विष्ठेतले जिवाणू नळीने किंवा कॅप्सूलमधून रुग्णाच्या आतड्यात सोडतात. ते तिथे वस्ती करतात आणि रोगजंतूला वाढू देत नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ॲमस्टरडॅममधील चाचणीत एक-दोन वेळच्या अशा उपचाराने १६ पैकी १५ रुग्ण बरे झाले. केवळ व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक घेतलेल्या १३ पैकी ४च बरे झाले. मात्र दात्याची कसून तपासणी हवीच. २०१९मध्ये अमेरिकेत दात्याकडून आलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूमुळे एक रुग्ण दगावल्याचे जाहीर झाले. म्हणून हा प्रयोग घरी कधीही करू नका. पोटविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच उपचार घ्या.