जनित्राची बॅटरी व खारा वारा

मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर वीज नसता आमचे डिझेल जनित्र मूक राहिले. विहिरीवरील पंप बंद, घरात पिण्यास पाणी नाही. घाईने नवी बॅटरी आणली. तीही तिसऱ्या दिवशी उतरली.

जामसंड्यात खाऱ्या वाऱ्याने बॅटरीच्या टोकांवर क्षार चढतो. ऋण तार आधी सोडून तो सोड्याच्या पाण्याने धुवावा. पाणी मात्र आत जाऊ देऊ नये. भरलेली बॅटरी स्वस्थ असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, इंजिन चालता १३.८ ते १४.४. आकडा न चढल्यास दोष बहुधा भरणीत समजावा. पट्टा ताणून पाहावा, मग इशाऱ्याचा दिवा. पुष्कळ यंत्रांत आल्टरनेटरास प्रथम प्रवाह या दिव्यातूनच मिळतो. आमचा तोच जळालेला निघाला.