भिंतीवर पाणी हवं, भिंतीत नको!

मैत्रिणींनो, घराला रंग काढायचा म्हटलं की हल्ली हॉलमधली एक भिंत तरी 'वेगळी' हवी असते. भवानीनगरच्या माझ्या जाऊबाईंनी ती पाण्यासारखी करून घेतली होती. फिकट निळ्यावर गडद निळ्या लाटा, उन्हात कालव्याचं पाणी चमकावं तशा. भिशीचे सगळे पैसे त्यात गेले. पुढच्या पावसाळ्यात मात्र लाटांना फोड आले आणि खाली पांढरी भुकटी पडायला लागली. रंगाऱ्याला आम्ही सगळ्यांनी बोल लावला. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हताच! भिंतीपलीकडे मोरी, आणि तिथल्या नळाच्या जोडातून पाणी झिरपत होतं.

ती भुकटी म्हणजे क्षार. भिंतीतली ओल बाहेर येते, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रंगाला आतून ढकलतात. नीरा डाव्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागाला यात नवं काय? पाणी जास्त झालेल्या, क्षारपड रानातही असंच मीठ वर येतं.

म्हणून रंगाआधी एक करा. फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतच आहे. आधी गळती शोधा. क्षार कोरड्या ब्रशनं झाडा. धुतलेत तर पाण्याबरोबर पुन्हा आत जातील. वरून लांबी भरून ओल थांबत नाही, थोडे दिवस झाकली जाते इतकंच. जाऊबाईंनी जोड बदलला, खराब गिलावा काढून नवा केला आणि अख्खा उन्हाळा भिंत वाळू दिली. पाहुण्यांसमोर तशीच!

मग लेकीला हाताशी घेऊन रंग त्यांनी स्वतःच दिला. प्रायमर, त्यावर फिकट निळ्या प्लॅस्टिक पेंटचे दोन हात. तो पुरता वाळल्यावर एक वाटी गडद रंगात दोन वाट्या पाणी. (दुकानात ग्लेझ मिळालं तर पाण्याऐवजी तेच घ्या, रंग उशिरा वाळतो.) पंखा बंद. एकीनं दोन-दोन फुटांचा तुकडा रुंद ब्रशनं आडव्या, एकमेकींना छेदणाऱ्या फटकाऱ्यांनी रंगवायचा, दुसरीनं लगेच ओलसर स्पंजानं कुठे कुठे टिपून घ्यायचा. स्पंजाच्या कडा आधी कुरतडून घ्या, नाहीतर भिंतीवर चौकोन उमटतात. तुकड्याची कड ओली असतानाच पुढचा तुकडा धरायचा, नाहीतर सांधा दिसतो. मध्येच चहाला बसायचं नाही! हात बसेपर्यंत जुन्या पुठ्ठ्यावर सराव करा. जाऊबाईंचे चार पुठ्ठे वाया गेले, भिंत नाही.

उरलेला, पाणी न घातलेला रंग डब्यात घट्ट झाकून ठेवा आणि झाकणावर शेडचा नंबर लिहा. सोफा घासून ओरखडा पडला की तोच उपयोगी येतो.