बहिणींच्या सह्या आणि सामाईक सातबारा

सोलापुरात घराचा व्यवहार घेऊन टायटल तपासणाऱ्या वकिलाकडे गेले की किमतीच्या आधी एक प्रश्न येतो: घर पेठेतले की हद्दवाढीतले? साखर पेठ, बुधवार पेठ अशा जुन्या भागात सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड बघायचे. बाळे, शेळगी, मजरेवाडी, सोरेगाव ही गावे मात्र 1992 साली महापालिकेत आली आणि तिथल्या कित्येक घरांखालची जमीन अजून सातबाऱ्यावरच आहे.

पेठेतल्या घराची गाठ बहुधा कुटुंबातच असते. कार्डावर वडिलांचे नाव. ते जाऊन कैक वर्षे झालेली, वारसनोंद केलेली नाही, आणि घरात राहणारा मुलगा विकायला निघालेला.

“काका, बहिणी किती?”

“दोघी. एक इथंच अक्कलकोट रोडला, एक हैदराबादला. पण त्यांचं काही म्हणणं नाही.”

“म्हणणं नसलं तरी सही लागते.”

हा संवाद वकिलाच्या टेबलापाशी सतत घडतो. मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू वडिलांच्या मिळकतीत मुलगी 1956 च्या कायद्यापासून वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, केंद्राने 2005 साली. तरीही खरेदीदाराकडून इसार घेऊन झाल्यावर बहिणीला फोन जातो. तिला हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदवावे लागते. नोटरीपुढचा कागद पुरत नाही. सही मागताना घराचा ठरलेला भाव तिला सांगायलाच हवा. माहेरपणाला बोलावून, काहीही न सांगता तिचा अंगठा घेणे हा अन्याय आहे, आणि पुढे दावा उभा राहतो तो बहुतेकदा अशाच सहीतून.

शहराच्या पूर्व भागात घराचे रूप आणखी वेगळे. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड. बोलणी तेलुगूत होतात, दस्त मराठीत. म्हणून तो घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवून समजावणे भाग असते. माग विक्रीत आहेत की नाहीत, हे त्यात स्वच्छ लिहावे लागते. चतुःसीमेची तर वेगळीच कसोटी. जुन्या खरेदीखतात ‘पूर्वेस अमक्याचे घर’ असते. तो अमका केव्हाच गेलेला, घर तिसऱ्याच्या हाती. जाणता वकील कागद घेऊन जागेवर जातो, टेप लावतो, शेजाऱ्याला विचारतो. मधला बोळ कोणाचा, सांडपाणी कुठून जाते, जिन्याची वहिवाट कोणाची, हे तिथेच कळते. कधी मूळ कागद मोडी लिपीत असतो आणि मोडी वाचणारा शोधावा लागतो.

हद्दवाढीत प्रश्न गुंठ्यांचा. शेतजमिनीचे दोन-दोन गुंठे पाडून विकलेले, रेखांकन मंजूर नाही, आणि एकाच सामाईक सातबाऱ्यावर अनेकांची नावे. मग बँक कर्जाला हात लावत नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 चा आहे. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत आली. पण नियमितीकरणाला शुल्क आणि मोजणी लागते. ते विकणाऱ्याने करायचे की घेणाऱ्याने, यावर भाव अडतो. घासाघीस करायची ती याच मुद्द्यावर करावी. ‘पुढे होऊन जाईल’ या भरवशावर आयुष्याची कमाई लावणारी कुटुंबे पाहिली की जीव तुटतो.

म्हणून इसाराची घाई नको. इसार 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीने घेता येत नाही. आयकर कायद्याचा हा नियम 2015 पासून आहे. आधी मागच्या 30 वर्षांचा सर्च काढतात, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतात आणि मगच साठेखत करतात.

नोंदणी कार्यालयात फोटो, अंगठा झाला म्हणजे सगळे झाले असे अनेकांना वाटते. पण कार्डावर किंवा सातबाऱ्यावर आणि महापालिकेच्या कर आकारणीत नाव लागले की नाही, हे स्वतः पाहावे लागते. मिळकतकराची आणि पाणीपट्टीची थकबाकी शेवटचा चेक देण्याआधीच तपासतात. यंत्रमागाचे घर असेल तर महावितरणच्या दोन्ही मीटरांची बिले मागतात, कारण मागाच्या जोडणीचा दर घराच्या दरापेक्षा वेगळा असतो.