धार दिसली की निघा!

आरएक्स-१००चा आवाज आला, की ऑफिसच्या पार्किंगमधल्या चार माना तरी वळतातच. तोच टू-स्ट्रोकचा ‘टर्रर्र’ पाण्यावर ऐकायचा असेल, तर बोटीच्या मागच्या फळीला लटकणारं जुनं आऊटबोर्ड इंजिन गाठा. सीट नाही, गिअरचा पेडल नाही. डोक्यावर दोरी ओढायची, मागे पंखा फिरतो, बोट पळते. बस्स!

मोहर्लीला आपण जातो वाघासाठी. पण गावाला लागूनच इरई धरणाचं भलंमोठं पाणी आहे. चंद्रपूरचं वीजकेंद्र आणि शहराचे नळ त्याच पाण्यावर चालतात. मंगळवारी सफारी बंद. त्या रिकाम्या दिवशी मी तिथल्या एका मेकॅनिककाकांकडे बसले होते. शेतीचे पंप, मोपेड, बोटीचं इंजिन... काकांना सगळं सारखंच. पाण्याच्या ड्रममध्ये शेपटी बुडवून एक जुनं इंजिन सुरू होतं आणि काकांचे डोळे फक्त एका बारीक धारेवर.

“फटफटी हवेनं थंडी होते ताई, ह्याले पानी लागते. धार नाई दिसली तं बंदच करा लागते.”

गंमत खाली आहे. पंख्याच्या वर, पाण्याखालच्या भागात, इम्पेलर नावाचं रबरी पाकळ्यांचं छोटं चक्र असतं. ते तलावाचंच पाणी खेचून सिलिंडरभोवती फिरवतं. त्यातलं थोडं मागच्या भोकातून बाहेर उडतं, तीच ही धार. चंद्रपूरच्या मे महिन्यात पाणी उतरतं, काठाला गाळ वर येतो आणि तो गाळ पाकळ्या घासून टाकतो. कोरडं इंजिन ‘फक्त चेक करायला’ सुरू केलं, तर काही सेकंदांत रबर जळतं. म्हणून हा ड्रम. धार नसली की इंजिन लगेच बंद करायचं आणि आधी भोकात बारीक तार घालायची. कधी कधी आत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असतं! तरीही धार नाही, तर इम्पेलर बदला. वापर जास्त असेल तर दरवर्षीच.

दुसरी भानगड पेट्रोलची. ती आपल्या गाड्यांचीही आहे म्हणा. २०२५ मध्ये देशानं पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य गाठलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. टाकी महिनोन्‌महिने पडून राहिली, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं आणि त्या थरात ऑइल नसतं. टू-स्ट्रोकचं सगळं वंगण पेट्रोलमधून येतं. तो थर इंजिनात गेला, की पिस्टन जॅम. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलनं फुगतात, चिरतात. तेव्हा लागेल तेवढंच ताजं पेट्रोल भरा. ऑइलही बाइकवालं टू-टी नको, बोटीचं टीसी-डब्ल्यू३ घ्या. इंजिनवर ५०:१ लिहिलं असेल, तर १० लिटरला २०० मिली. फार जुनी इंजिनं जास्त मागतात, तेव्हा अंदाजपंचे ओतू नका.

आणि तो खिळा! धरणात बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात. पंखा आपटला, की बऱ्याच छोट्या जुन्या इंजिनांत त्याची मऊ पिन तुटते. ती तुटण्यासाठीच बसवलेली असते, आतला गिअर वाचावा म्हणून. हुशार लोक तिथे लोखंडी खिळा ठोकतात. पुढच्या वेळी खिळा टिकतो, गिअरचे दात जातात. काकांनी मला असा एक गिअर दाखवला. त्यावर त्यांनी जी शिवी दिली, ती छापता येणार नाही. जाळ्याचा नायलॉन धागाही असाच छुपा रुस्तम. तो पंख्याच्या दांड्याला गुंडाळून सील कापतो आणि पाणी आत शिरतं. खालचा स्क्रू काढल्यावर गिअर ऑइल दुधाळ दिसलं, की समजा सील गेलं.

एवढं करून ते ठेवावं का? माझं मत सांगते. कार्ब्युरेटरवालं जुनं टू-स्ट्रोक बरंचसं पेट्रोल आणि ऑइल न जाळताच बाहेर टाकतं आणि त्याचा एक्झॉस्ट पाण्यातच सुटतो. जे पाणी चंद्रपूरकर पितात, तिथे सेल्फी-राइडसाठी रोज ते फिरवणं मला पटत नाही. कुणी बुडत असताना, किंवा भर वाऱ्यात बंद पडलेली नाव ओढून आणायला मात्र पहिल्या ओढीत सुरू होणारं जुनं इंजिन काठावर हवंच. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, “आधी दोन वल्ही ठेवा नावेत.”

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअरची सफारी बंद, तेव्हा इंजिनही झोपतं. झोपवायची रीत सोपी आहे. ड्रममध्ये सुरू असतानाच पेट्रोलची नळी काढायची आणि ते आपोआप बंद पडू द्यायचं, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडायचं, दोरी हळू ओढून ते पसरवायचं, प्लग परत लावायचा. मग इंजिन उभंच टांगायचं, आडवं नाही. आत उरलेलं पाणी खालून निथळून जातं.