घरच्या घरी छाट कलमे : पालवीला भुलू नका

घरबसल्या करण्याच्या धंद्याची गोष्ट निघाली की आपल्याकडे शिलाई मशीन, पापड आणि मसाले यांच्यापुढे विचार जात नाही. गच्चीवर किंवा अंगणात थोडी सावलीची जागा असेल तर फुलझाडांची रोपे तयार करणे हाही चांगला जोडधंदा आहे. भांडवल थोडेच लागते, कारण कच्चा माल म्हणजे छाटलेली फांदी, आणि ती बहुधा फुकट मिळते. पण फांदी फुकट असली तरी मेहनत आणि दोन महिने फुकट नसतात. नवख्या माणसाची कलमे फार वाया जातात. ती का जातात हे आधी समजून घेतले पाहिजे.

कापलेल्या फांदीला मुळे नसतात, त्यामुळे तिला पुरेसे पाणी ओढता येत नाही. पाने मात्र पाण्याची वाफ सोडतच राहतात. आमदनी बंद आणि खर्च चालू, अशी तिची अवस्था असते. फांदी मलूल दिसली की लोक वरून आणखी पाणी ओततात. त्या पाण्याने मातीतली हवा निघून जाते, आणि मूळ फुटायला हवा लागते. मग कापलेले टोक काळे पडून सडते. काळ्या मातीत तर हे हमखास घडते. तेव्हा पाणी वाढवू नये, खर्च कमी करावा. म्हणजे पाने कमी ठेवावीत, ऊन टाळावे आणि भोवतालची हवा दमट राखावी.

जास्वंद, मोगरा, मेंदी आणि देशी गुलाब यांची कलमे जून ते ऑगस्टमध्ये चांगली लागतात. फांदी अगदी कोवळी नको आणि फार जूनही नको. पेन्सिलीएवढी जाड, १५ ते २० सेंटिमीटर लांब आणि तीन-चार डोळ्यांची असावी. सकाळच्या वेळी धारदार, स्वच्छ चाकूने कापावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा घ्यावा. उर्दू शाळेत आम्ही बोरूच्या कलमाला कत द्यायचो, तसाच. वरचा काप सरळ ठेवावा, म्हणजे वर-खाली ओळखू येते. उलटी खोचलेली फांदी रुजत नाही. कळ्या आणि खालची सर्व पाने काढावीत. वरची दोन पाने मात्र राहू द्यावीत, मोठी असल्यास अर्धी कापावीत. मूळ फुटण्यास मदत करणारे द्रव्य पानांतून आणि कोंबांतून खाली उतरते, म्हणून सगळी पाने खुडणेही बरे नव्हे.

धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट निम्मे निम्मे घ्यावे. शेणखत यावेळी अजिबात नको. मुठीत दाबल्यावर चार थेंब पडतील एवढाच ओलावा पुरे. फांदीचा अर्धा भाग आत जावा. कुंडीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालावी, रोज थोडा वेळ ती काढून हवा द्यावी आणि कुंडी सावलीत ठेवावी.

मुळे फुटण्याची पावडर दुकानात मिळते. तिच्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल असते. फांदीचे टोक जेमतेम बुडवून जादा पावडर झटकावी; जास्त लावल्याने फायदा नाही, उलट नुकसान होते. जास्वंदीला तिच्यावाचून चालते, बोगनवेलीला लावलेली बरी.

आता मुख्य गोष्ट. दहा-पंधरा दिवसांत फांदीला हिरवी पालवी फुटते आणि माणूस खूश होतो. ही पालवी फांदीत साठलेल्या अन्नावर फुटलेली असते. खाली मूळ असेलच असे नाही. अशी फांदी पुढे अचानक वाळते. मुळे धरायला बहुतेक झाडांना चार ते आठ आठवडे लागतात. उपटून पाहू नये. हलके ओढल्यावर फांदीने विरोध केला, किंवा कुंडीच्या भोकातून पांढरी मुळे दिसली, तर कलम लागले असे समजावे.

पालवी पाहून रोप विकणारे लोक आहेत. धुतल्यावर कच्चा रंग उतरणारे कापड विकण्यासारखाच हा व्यवहार आहे. ते गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. मुळे धरल्यावर रोप पिशवीत बदलावे आणि दोन-तीन आठवडे हळूहळू उन्हाची सवय करून मगच विकावे. किंमत लावतानाही हिशेब पक्का हवा. समजा शंभर फांद्या लावल्या आणि विकण्याजोगी पन्नास रोपे हाती आली, तर शंभरांचा खर्च त्या पन्नासांवर पडतो.

फुलवाल्याकडच्या लांब दांड्याच्या गुलाबावर विसंबू नये. शीतगृहातून आलेली ती दांडी क्वचितच रुजते. या जातींची रोपे सहसा जंगली गुलाबावर डोळा भरून करतात. शिवाय नोंदणी झालेल्या नव्या वाणांना २००१ च्या कायद्याचे संरक्षण आहे. विक्रीसाठी त्यांची रोपे करायला वाणाच्या मालकाची परवानगी लागते. अंजीर आणि डाळिंबाच्या जून काड्याही रुजतात, त्या घरच्या अंगणात जरूर लावाव्यात. पण फळझाडांची रोपे विकायची तर महाराष्ट्रात १९६९ च्या फळ रोपवाटिका कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तेव्हा सुरुवात जास्वंद आणि मोगऱ्यापासून करणे सोयीचे.