मत्स्यखाद्यातील सूक्ष्म खनिजे आणि अब्जांश कण

पाणी, बीज आणि खाद्य या तीन गोष्टींवर मत्स्यशेतीचे यश अवलंबून असते. यांपैकी खाद्यावर मोठा खर्च होतो. खाद्यातील प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचा विचार बहुतेक मत्स्यपालक करतात. परंतु ज्यांचे प्रमाण टनामागे काही ग्रॅम, किंवा त्याहूनही कमी असते, त्या सूक्ष्म खनिजांकडे सहसा दुर्लक्ष होते. ही खनिजे अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने माशांना देण्याचे प्रयोग गेल्या काही वर्षांत अनेक देशांत झाले आहेत.

खनिजांचे कार्य

लोहामुळे रक्तातील हीमोग्लोबिन तयार होते. जस्त अनेक विकरांचा घटक आहे. मँगनीज हाडांच्या वाढीस, तर आयोडीन अवटु ग्रंथीच्या कार्यास आवश्यक असते. सेलेनियम पेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणाऱ्या विकरात असते. यांच्या अभावाचे परिणाम डोळ्यांना दिसतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या एका मत्स्यबीज केंद्रात ट्राउट माशांच्या गळ्याशी येणाऱ्या गाठी कर्करोगाच्या समजल्या जात. तो गलगंड असून आयोडीनने बरा होतो, हे डेव्हिड मरीन व त्यांच्या सहकाऱ्याने १९१० च्या सुमारास दाखवून दिले. जपानमध्ये १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, जस्त कमी मिळालेल्या ट्राउट माशांची वाढ खुंटली, पर झिजले आणि डोळ्यांत मोतीबिंदू झाला.

खाद्यात आहे, पण अंगी लागत नाही

आपल्याकडे कटला, रोहू व मृगळ यांना भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड देण्याची पद्धत आहे. वनस्पतिजन्य खाद्यातील फायटेट हे द्रव्य जस्ताला बांधून ठेवते. त्यातच कार्प जातीच्या माशांना जठर नसते. त्यामुळे जठरातील आम्लाची मदत त्यांना मिळत नाही. मातीच्या तळ्यात नैसर्गिक प्लवकांतून काही उणीव भरून निघते. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यात किंवा जलाशयातील पिंजऱ्यात दाट संख्येने मासे ठेवले, तर सर्व भार बाहेरून दिलेल्या खाद्यावर पडतो. म्हणून खाद्यात खनिजांचे क्षार मिसळतात. मात्र त्यांतील न शोषलेला भाग विष्ठेवाटे पाण्यात जातो.

अब्जांश कण म्हणजे काय?

मीटरचा एक अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना अब्जांश किंवा नॅनो कण म्हणतात. एक मिलिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस मिलिमीटर असते. त्याच घनाचे १०० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठफळ ६०,००० चौरस मिलिमीटर होते. पदार्थ तेवढाच, पण आतड्याच्या अस्तराशी येणारा त्याचा संपर्क दहा हजार पटींनी वाढू शकतो. त्यामुळे कमी मात्रेत अधिक शोषण होईल, अशी या पद्धतीमागील अपेक्षा आहे.

प्रयोगांचे निष्कर्ष

चीनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नॅनो सेलेनियम मिसळलेल्या खाद्यावर कार्प कुळातील माशांचे वजन व त्यांच्या मांसातील सेलेनियम वाढल्याचे आढळले. पुणे जिल्ह्यात बारामतीजवळील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत पंगस माशांवर असे प्रयोग झाले आहेत. शिसे आणि वाढलेले तापमान यांचा ताण सोसण्यास खाद्यातील नॅनो सेलेनियमची मदत होते, असे त्यांत दिसून आले. उन्हाळ्यात तापणाऱ्या आपल्या तलावांच्या दृष्टीने हा निष्कर्ष विचारात घेण्यासारखा आहे.

दुसरी बाजू

जो गुण शोषण वाढवतो, तोच विषबाधाही वाढवू शकतो. २००८ सालच्या एका अभ्यासात, पाण्यात सोडलेले नॅनो सेलेनियम मेडाका माशांच्या शरीरात साठून नेहमीच्या सेलेनियम क्षारापेक्षा अधिक विषारी ठरले. सेलेनियमची गरज व घातक मात्रा यांत अंतर थोडे असते. अमेरिकेतील चॅनेल कॅटफिश माशाला टनभर खाद्यात सुमारे पाव ग्रॅम सेलेनियम पुरते. १५ ग्रॅम झाले की वाढ खुंटते. नॉर्थ कॅरोलायनातील बेल्यूस तलावात १९७० च्या दशकात औष्णिक वीजकेंद्राच्या राखेतून सेलेनियम उतरले आणि माशांच्या २० पैकी १९ जाती नाहीशा झाल्या.

ग्रामपातळीवर काय करावे?

खनिजांची भुकटी हाताने अंदाजे मिसळणे किंवा तळ्यात टाकणे धोक्याचे आहे. टनामागे पाव ग्रॅम पदार्थ सर्वत्र समप्रमाणात मिसळणे घमेल्यात साधत नाही. ते खाद्यनिर्मितीच्या यंत्रावरच होऊ शकते. ‘नॅनो’ असे छापलेले पाकीट घेण्यापूर्वी त्यातील खनिज, त्याचे प्रमाण आणि कोणत्या जातीच्या माशासाठी ते आहे हे वाचावे, व मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. गावतळ्याचे पाणी गुरांसाठी व शेतीसाठीही वापरले जाते. म्हणून ही दक्षता तळे ठेक्याने घेणाऱ्या संस्थेइतकीच ग्रामपंचायतीनेही घेतली पाहिजे. संतुलित खाद्य, योग्य बीजसंख्या आणि स्वच्छ पाणी या मूलभूत गोष्टी सांभाळल्यावरच अशा नव्या पूरक द्रव्यांचा खरा उपयोग होईल.