नृत्यनाट्याची तालीम

रंगमंचाचा पडदा वर जातो, तेव्हा प्रेक्षकांस दिसते ते नृत्यनाट्याचे सिद्ध झालेले रूप. ते सिद्ध होण्यापूर्वी पडद्यामागे काय घडते, याची कल्पना फार थोड्यांना असते. ती थोडीबहुत यावी, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

पाश्चात्त्य लोक ज्यास ‘बॅले’ म्हणतात, त्याचा उगम इटलीत झाला आणि फ्रान्सच्या राजदरबारात त्याची वाढ झाली. त्यात पात्रे बोलत नाहीत. सारी कथा अंगाच्या हालचाली, ताल व संगीत यांच्याद्वारे सांगावयाची असते. आपल्याकडे विसाव्या शतकात उदयशंकर यांनी भारतीय नृत्याच्या आधारे या धर्तीची नृत्यनाट्ये रचली व अलमोड्यास कलाकेंद्र काढले. त्या केंद्रातील शांती बर्धन यांनी पुढे १९५२ साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ ही संस्था स्थापन केली. ग्वाल्हेर म्हटले की लोकांस तानसेन आणि ख्यालगायकी आठवते. परंतु हीच संस्था १९६४ साली ग्वाल्हेरास आली आणि १९८४ साली भोपाळास जाईपर्यंत वीस वर्षे येथे नांदली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावयास हवी.

या संस्थेचे सर्वांत गाजलेले नृत्यनाट्य म्हणजे ‘रामायण’. त्यातील राम, सीता, रावण ही पात्रे माणसांसारखी चालत नाहीत; ती कळसूत्री बाहुल्यांसारखी चालतात. आम्ही मूळचे कोकणी बोलणारे. आमच्या मुलखात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजातील कलावंत पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करीत आले आहेत. ज्याने तो खेळ पाहिला आहे, त्यास हे ठाऊक असेल की बाहुलीचा हात उचलला जातो तो दोरीच्या ओढीने. मान वळते ती झटक्याने. आणि दोरी सैल पडताच सारे अंग लोंबकळते. लाकडाच्या बाहुलीस हे सहज साधते. जिवंत माणसाला मात्र ते शिकावे लागते.

तालमीचे खरे काम येथे सुरू होते. हात उचलण्याआधी खांदा हलावयाचा, ही आपल्या शरीराची जन्माची सवय. ती मोडून हालचाल जणू मनगटापासूनच सुरू झाली असे दाखवावयाचे, तर एकच हालचाल शेकडो वेळा घोटावी लागते. त्यातच मुखवटा चढविलेला. मुखवट्यामुळे चेहऱ्यावरचे भाव झाकले जातात व दृष्टीचा टप्पाही आखूड होतो. म्हणून शोक दाखवावयाचा तो मानेच्या कलण्याने आणि क्रोध दाखवावयाचा तो पावलाच्या आघाताने. शेजारचा सहकारी नीट दिसत नसल्यामुळे त्याची जागा मोजलेल्या पावलांनी व तालाच्या मात्रांनी ओळखावी लागते. एकाची मात्रा चुकली की साऱ्या रांगेचा तोल जातो. अशा वेळी गुरू थांबवितात आणि सर्वांस पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. ज्याचे चुकले नाही, तोही मुकाट्याने आपल्या जागी परत जातो.

आता एक प्रश्न विचारतो. नाटककार गेला तरी त्याची संहिता उरते. चित्रकार गेला तरी चित्र उरते. नृत्य रचणारा गेल्यावर काय उरते? युरोपात नृत्य लिहून ठेवण्याच्या लिप्या निघाल्या आहेत, चित्रफितीचाही आता उपयोग होतो. परंतु आपल्याकडे नृत्य मुख्यतः एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडेच जात आले आहे.

शांती बर्धन यांच्या बाबतीत हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. क्षयरोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. स्वतः पूर्वीसारखे नाचणे त्यांस शक्य नव्हते, तरी १९५३ साली ‘रामायण’ उभे राहिले ते त्यांच्याच कल्पनेतून आणि इतरांच्या शरीरांकडून. त्यानंतर ‘पंचतंत्र’ हाती घेतले असता, १९५४ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच ते निवर्तले. त्यांच्या पत्नी गुल बर्धन, नृत्यरचनाकार प्रभात गांगुली व इतर सहकारी यांनी संस्था मोडू दिली नाही. ‘पंचतंत्र’ पुरे झाले. ‘रामायण’ देशात व परदेशांत गाजत राहिले. जुने नर्तक गेले, नवे आले. प्रत्येक नव्या नर्तकाने जुन्याकडून मनगटाचा तोच झटका आणि मानेचा तोच कल उचलला. मुंबई, ग्वाल्हेर, भोपाळ असा तिचा प्रवास झाला. परंतु बिऱ्हाड हलताना जी वस्तू पेटीत भरता येत नाही, तीच या मंडळींनी तालमीच्या बळावर जपून नेली. गुल बर्धन यांस २०१० साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पतीच्या पश्चात छप्पन वर्षे त्यांनी हे काम सांभाळले.

यावरून तालीम म्हणजे केवळ प्रयोगाची पूर्वतयारी नव्हे, हे ध्यानी येईल. प्रयोग दोन घटकांत संपतो. नृत्य जिवंत राहते ते तालमीत. तेथे टाळ्या नसतात, रंगीत दिवे नसतात, पुष्कळदा पोशाखही नसतो. असतो तो घाम, मोजलेल्या मात्रा आणि ‘पुन्हा एकदा’ हे शब्द.

विद्यार्थिमित्रहो, स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्याही शाळेत तालमी सुरू होतात. त्या वेळी मागच्या रांगेत उभे राहणाऱ्यास वाटते, आपल्याकडे कोण पाहणार? पुढल्या वर्षी तोच नाच धाकट्यांना शिकविण्याची पाळी कदाचित त्याच्यावरच येईल. तेव्हा त्याने जे नीट उचलले असेल, तेवढेच पुढे जाईल.